मायनं बांधलेली पट्टी

कंबर धरून उठणाऱ्या आणि कंबर धरूनच बसणाऱ्या माझ्यासारख्या बायांसाठी हे लिहितेय. पुरुषांनी वाचलं तरी हरकत नाही, कंबर त्यांनाही दिलेली आहे. डॉक्टरी ज्ञान यात शोधू नका. ते मला नाही, आणि ज्यांना आहे त्यांच्या चिठ्ठीवरचं अक्षर मला लागत नाही. मी लाल गाडीवरची कंडक्टर. निम्मं आयुष्य 'पुढं सरका, सुट्टे काढा' म्हणण्यात गेलं. त्यामुळं आवाज जरा मोठा वाटला तर सांभाळून घ्या.

दुखण्याच्या सगळ्या काळात मी दोन गोष्टींसाठी झुरले. एक माझी गाडी आणि दुसरी माझी माय. गाडी परत मिळण्यासारखी होती, माय नव्हती. आणि मध्येच अशी वेळ आली की गाडी पाहिजे असेल तर मायची अंगावर राहिलेली शेवटची वस्तू काढून ठेवा, असं मला सांगितलं गेलं. त्याचीच ही हकीकत.

पट्टी

आमच्याकडं बाई बाळंत झाली की तिचं पोट बांधतात. जुन्या मऊ लुगड्याची वीतभर रुंद पट्टी फाडायची आणि कंबरेपासून फासळ्यांपर्यंत गुंडाळायची. प्रज्ञाच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या वेळी माझं पोट मायनंच बांधलं. मला गोधडीवर उताणं झोपवायची. "सोड श्वास," म्हणायची. पट्टी पाठीखालून घेऊन पोटावर आणायची आणि कुशीजवळ गाठ मारायची. गाठ मारताना तिची बोटं पोटाला लागायची. गारेगार बोटं, कारण दिवसभर हात पाण्यात. मी शहारायची, हसायची, अन् ती ओरडायची, "हलू नको गं येडे, गाठ सुटंल!"

बाळंतपण संपलं, पट्टी पेटीत गेली. नंतर पुष्कळ वर्षांनी चौक्याच्या घाटात एक दुचाकीवाला आडवा आला आणि आमच्या ड्रायव्हरनं असा ब्रेक मारला की मी तिकिटाच्या मशीनसकट सीटच्या दांडीवर आदळले. कंबरेतून कळ निघाली ती पार टाचेपर्यंत. संध्याकाळी कशीबशी चिकलठाण्याला घरी आले. माय तेव्हा आमच्याकडंच राहायची. तिनं काही विचारलं नाही. माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, पेटी उघडली आणि तीच पट्टी काढली.

तेव्हापासून ड्यूटीला जायच्या आधी माय रोज पट्टी बांधून द्यायची. वर खाकी ड्रेस, खांद्याला पैशाची बॅग, आत मायचं लुगडं. दुखायचं, पण निभायचं.

मग माय गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. पुण्यानुमोदनाला सगळे पांढऱ्या कपड्यांत आले, वंदना झाली, जेवणं झाली, माणसं गेली. ड्यूटीच्या दिवशी सकाळी मी सवयीनं गोधडीवर आडवी झाले आणि तशीच पडून राहिले. बांधणार कोण? शेवटी उठले, भिंतीला टेकले, पोट आत ओढलं, श्वास धरला आणि दोन्ही हातांनी पट्टी करकचून आवळली. काय सांगू, जितकी घट्ट बांधावी तितकी माय जवळ आहे असं वाटायचं. पुढं पुढं मी ती झोपतानाही काढेना.

खिडकीवर

दुखणं काही थांबलं नाही. एके दिवशी हर्सूलच्या पुढं माझा पाय बधिर झाला आणि एका म्हाताऱ्या बाबांच्या मांडीवरच मी बसले. बाबा बिचारे म्हणाले, "बस बाई बस, तिकीट नको मागू मात्र." गाडीतले लोक हसले, मीही हसले. गाडी फुलंब्रीला लागली तेव्हा मला उतरवायला दोन माणसं लागली.

डॉक्टरांनी फोटो काढायला लावले, मोठ्या नळकांड्यात घालून. मणक्यातली गादी थोडी सरकलीय म्हणाले. ऑपरेशन नको, पण गाडीवर उभं राहणं बंद. मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "बघू." 'बघू' हा शब्द मीही प्रवाशांना पुष्कळदा ऐकवलाय. सीट मिळेल का? बघू. त्याचा खरा अर्थ मला माहीत होता.

मला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. लोक म्हणायचे, बरं झालं, सावलीत बसायचं, पगार तोच. त्यांना कसं सांगू? मला गाडीचा वास पाहिजे होता. फुलंब्रीच्या बाजाराच्या दिवशी पायापाशी मेथीच्या जुड्या, कुणाच्या तरी पिशवीतून डोकावणारी कोंबडी, पुढच्या सीटवरून मागच्या सीटवर चाललेलं भांडण आणि मध्ये उभी मी. माय गावाला जाताना माझ्याच गाडीनं जायची आणि माझ्याकडूनच तिकीट घ्यायची. "लेकीच्या गाडीत फुकट नाय बसायची," असं साऱ्या गाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. खिडकीत बसून मी दिवसभर दुसऱ्यांना सांगायची, गाडी कुठल्या फलाटावर लागलीय. माझी सकाळची गाडी समोरून निघायची. सय्यदभाई, आमचे ड्रायव्हर, खिडकीपाशी आले की उगीच दोनदा हॉर्न द्यायचे. मी हात करायची. मग पुढच्या प्रवाशाला डोळे दिसू नयेत म्हणून मान खाली घालायची.

घरी तर विचारूच नका. आमचे हे, दिनकर, कंपनीतून दमून यायचे आणि भाकरी थापायचे. त्यांची भाकरी म्हणजे एक खाल्ली की दुसऱ्या दिवशीची पण भूक भागावी. मी नाव ठेवलं की ते रुसायचे, नाव नाही ठेवलं की मला स्वतःचीच चीड यायची. प्रज्ञा पुण्याहून फोनवर मलाच ओरडायची, "आई, तू व्यायाम करत नाहीस." दुखणं एकाच्या कंबरेत असतं, पण वाकतं सगळं घर, हे मला तेव्हा कळलं. एक मात्र खरं, गरम पाण्याची पिशवी मला कधी मागावी लागली नाही. रुसलेले असले तरी हे ती आणून पाठीशी ठेवायचे आणि मग परत रुसायचे.

पाणी पिऊन

डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. तिथल्या नाझिया मॅडम वयानं माझ्या प्रज्ञापेक्षा थोड्याच मोठ्या असतील, पण हात असा पक्का की काय सांगावं. पहिल्या दिवशी त्यांनी मला चालायला लावलं, वाकायला लावलं, आणि मग नुसत्याच बघत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "काय बघताय?" त्या म्हणाल्या, "ताई, तुमचा श्वास." मला वाटलं, पोरगी कंबर सोडून भलतीकडंच निघाली.

कंबरदुखीच्या माणसांचा श्वासाचा स्नायू कसा हलतो ते सोनोग्राफीवर बघायचा त्यांचा अभ्यास चालू होता. तुम्ही याल का, असं त्यांनी विचारलं. दुखणार नाही, सुई नाही, नाही म्हटलं तरी उपचार तोच मिळेल, सगळं नीट सांगितलं. मी हो म्हटलं. डेपोत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. "सोनोग्राफी? बाई, पेढे कधी?" सगळ्या खाकीनं माझी फिरकी घेतली.

आता सोनोग्राफी म्हटलं की आम्हा बायांना एकच ठाऊक, भरपूर पाणी पिऊन जायचं आणि धरून बसायचं. मी घरून दोन बाटल्या पिऊन निघाले. वर रिक्षा खड्ड्यांतून. पोचले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं. मॅडमनी विचारलं, "ताई, फार दुखतंय का?" मी खरं काय ते सांगितलं. त्या हसून हसून खुर्चीत बसल्या. "ताई, याला पाणी नाही लागत हो! जा, आधी जाऊन या." इथं गर्भलिंग सांगितलं जात नाही, अशी पाटी त्या खोलीत टांगलेली होती. ती वाचत मी मुकाट बाहेर गेले.

परत येऊन आडवी झाले. मॅडमनी पट्टी बघितली. "हे काय?" मी म्हटलं, "राहू द्या ते." त्यांनी हरकत घेतली नाही. "बरं, आधी पट्टीसकट बघू." पट्टी जरा खाली सरकवून फासळ्यांच्या कडेला त्यांनी गार जेल लावलं. मी शहारले. आणि त्या क्षणी मला माय इतकी आठवली की मी पाटीकडं बघत राहिले, नाहीतर तिथंच रडले असते.

पडद्यावर करड्या धुरकटात एक पांढरी रेघ दिसत होती. मॅडम म्हणाल्या, "हे तुमचं श्वासपटल. फासळ्यांच्या आत, छातीच्या आणि पोटाच्या मध्ये असतं. श्वास घेतला की खाली येतं, सोडला की वर जातं. आणि पडद्यावर खालच्या बाजूला बघा, ते हललं की इथं लाट उमटते. घ्या श्वास."

मी घेतला. लाट कसली? इतका सपाट रस्ता मी उभ्या नोकरीत बघितला नव्हता.

"ताई, श्वास घ्या ना."

"घेतेय की! मग काय जीव सोडलाय का मी?"

"खांदे बघा तुमचे. सगळा श्वास खांद्यांनी ओढताय." मग त्यांनी विचारलं, गाडीत उभ्या कशा राहता? मी सांगितलं, दोन्ही हात तिकिटात, कंबर सीटला टेकवायची, वळण आलं की पोट आवळायचं आणि श्वास धरायचा. वळण सरलं की सोडायचा. मॅडम म्हणाल्या, "आणि सरळ रस्त्यावर?" सरळ रस्त्यावर तो सुटतो की नाही, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

पट्टी काढून परत बघितलं. रेघ थोडी हलली. थोडीच. मॅडमनी समजावलं की दुखेल या भीतीनं माणूस पोट धरून ठेवतो आणि श्वास वरवर घेतो. सगळ्यांचं दुखणं याच्यानं होतं असं नाही हं, तेच तर आम्ही बघतोय, हेही त्या म्हणाल्या. पण श्वासाचा हा पडदा कंबरेच्या मणक्यांनाही धरून असतो, तो मोकळा हलला तर कंबरेला आतून आधार मिळतो. पट्टीचा आधार थोडे दिवस ठीक, पण रात्रंदिवस इतकी करकचून नको.

"काढून ठेवा ताई ती. निदान दिवसा."

"नाही जमायचं."

"का?"

"माझ्या मायची आहे."

मॅडमनी माझ्या फासळ्यांवरचं जेल पुसलं. मग हळूच म्हणाल्या, "जबरदस्ती नाही. पण इतकी आवळलेली पट्टी बांधून गाडीवर जा, असं मी तरी लिहून नाही देऊ शकत."

फडकं

मी रागानं घरी आले. राग मॅडमचा नव्हता. त्यांनी चुकीचं काय सांगितलं होतं? राग होता तो कुणावर काढावा कळेना, म्हणून तो ह्यांच्यावर निघाला. हे फक्त इतकंच म्हणाले, "अगं, फडकं तर आहे. काढून ठेव ना कपाटात." फडकं! मी ताट सरकवलं आणि त्या दिवसापासून बोलणं बंद.

एक दिवस मी काढून बघितली. खोटं का बोलू, प्रयत्न केला. पट्टीविना चौकशीच्या खिडकीत बसले. दुखण्यापेक्षा वेगळंच काहीतरी झालं. पोटाभोवती कुणीच नव्हतं. गर्दीच्या स्टँडवर मायचा हात सुटलेल्या पोरीसारखी मी कावरीबावरी झाले, आणि पन्नाशीच्या बाईनं असं व्हावं याची लाजही वाटली. दुपारीच बायकांच्या खोलीत जाऊन पुन्हा बांधली, पहिल्यापेक्षा घट्ट. म्हटलं, गेली गाडी तर गेली. बसू खिडकीत. पण संध्याकाळी सय्यदभाईंचा हॉर्न ऐकला आणि जीव परत खालीवर झाला.

मावशी

त्या आठवड्यात फुलंब्रीहून मावशी आली. मायची धाकटी बहीण. वांग्यांची पिशवी, पालेभाजी बांधलेलं गाठोडं आणि तोंडात माझ्या नावाचा उद्धार. "फोनवर कण्हतीस निस्ती. म्हनलं बघून तर यावं, जिती हाय का."

मला पाहिजेच होतं कुणीतरी माझ्या बाजूचं. मी सगळं सांगितलं. सोनोग्राफी, मॅडम, पट्टी. म्हटलं, "मावशे, आपल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या बांधतात का नाय? तू सांग."

"व्हय तर. आण इकडं, बांधून देते मी."

मी गोधडीवर उताणी झाले. माय गेल्यापासून पहिल्यांदा मला दुसरं कुणी बांधणार होतं. मावशीनं पट्टी सोडली आणि ती थांबलीच. "अगं माय माय माय! हे काय वळ उठलेत? कातडं सोलतीस काय सोताचं?"

"घट्ट लागते मला."

"गप." तिनं पट्टी पाठीखालून घेतली. "सोड श्वास." पोटावर आणली, गाठीला हात घातला. आणि तिची बोटं माझ्या पोटाला लागली. मायच्या इतकी गार नव्हती, पण तिथंच, त्याच जागी. गाठ बसली आणि बोटं निघून गेली.

पट्टी सैल होती. सुटणारी नाही, पण सैल. मी म्हटलं, "मावशे, ढिली झाली."

"ढिली नाय, बराबर हाय. दोन बोटं घातली ना मी."

"कसली दोन बोटं?"

मावशी माझ्याकडं बघायला लागली. "तू दोन बोटं घालत नाय? गाठ मारताना पोट अन्‌ पट्टीच्या मधी दोन बोटं ठेवायची. गाठ बसली का काढून घ्यायची. तेवढी जागा ऱ्हाती. बाईनं चार घास खावं, हसावं, लेकराला घेऊन वाकावं, तर जागा नको व्हय? तुझी माय साऱ्या वस्तीतल्या बाळंतिणींना बांधायची. बोटं घातल्याबिगर कधी गाठ नाय मारली तिनं. तुला बी तशीच बांधायची की."

"मी एकटी बांधते गं मावशे. दोन्ही हात गाठीला लागतात."

"मंग तिथंच घोळ झाला बघ," मावशी म्हणाली. "ही आपली आपण बांधायची चीजच नाय."

मी तशीच पडून राहिले. इतकी वर्षं मला वाटायचं की ती गार बोटं चुकून लागतात. गाठ मारताना लागतात, झालं. आणि मला तर त्याच बोटांची तहान लागली होती, पट्टीची कुठं? ती बोटं मिळेनात म्हणून मी पट्टी आवळत गेले, आणि जितकी आवळली तितकी मायनं राखलेली जागा मीच भरून टाकली. मला एकदम हुंदका आला. मावशीनं कपाळावर हात ठेवला, पण गप हो म्हणाली नाही. मी पोटभर रडले. रडताना पोट वरखाली होत होतं, आणि पट्टी कुठंच आड येत नव्हती.

दारात हे उभे होते. मी म्हटलं, "चहा ठेवा." तेवढ्यावर आमचं भांडण मिटलं.

शिकणं

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी लिहून वगैरे काही घेतलं नाही, नुसतं ऐकलं. मग म्हणाल्या, "चला, मग आपण त्या दोन बोटांपासूनच सुरू करू." आधी पट्टी सैल बांधायची, ती मावशीनं ह्यांना शिकवली. ह्यांची बोटं म्हणजे लाकडं, पण घालायचे बिचारे नेमानं. मग फक्त कामापुरती. मग मोकळं, गुडघे वाकवून झोपायचं, फासळ्यांवर हात ठेवायचा आणि श्वास त्या हाताखाली न्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. श्वास घ्यायला पन्नाशीत शिकायचं म्हणजे चालायला शिकण्यासारखंच आहे, आणि मी तितकीच चिडचिड केली. बाकीचे व्यायाम होतेच. काही दिवस वाईट गेले, दोनदा वाटलं की सगळं परत पहिल्यासारखं झालं. झालं नव्हतं.

तुमच्याकडं पट्टा असेल तर फेकून द्या असं मी म्हणत नाही. कुणाला तो लागतोही. तुमच्या कंबरेचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी एवढंच म्हणेन की एकटीनं दात खाऊन आवळू नका. कुणाला तरी हाक मारा.

पडदा

परवा दुसरी सोनोग्राफी झाली. या वेळी पाणी प्यायले नव्हते. पट्टी घरी होती, पेटीत, घडी घालून. रिक्षात मी दोनदा पोटाला हात लावून बघितलं. चुकल्यासारखं वाटतंच. ते जाईल असं मला वाटत नाही, आणि जावं असंही वाटत नाही.

मॅडमनी जेल लावलं. मी शहारले आणि हसले. "घ्या ताई श्वास," त्या म्हणाल्या. मी घेतला, खांद्यांना हलू दिलं नाही. पडद्यावर लाट उठली, चांगली घाटातल्या चढासारखी, आणि खाली उतरली. पुन्हा उठली. मॅडमनी चित्र तिथंच थांबवलं आणि लाटेच्या तळाशी एक फुली, माथ्यावर एक फुली केली. "बघा. श्वासाचा पडदा एवढा हलतोय आता. चिठ्ठी देते मी, गाडीवर जायला हरकत नाही."

गाडी मिळाली. उडी मारावीशी वाटायला पाहिजे होतं. पण मला सांगायला माय पाहिजे होती. पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर बसून, मोठ्यानं तिकीट मागायला.

मी विचारलं, "मॅडम, हात लावू का पडद्याला?"

"लावा की."

मी उजव्या हाताची दोन बोटं आडवी धरली आणि त्या दोन फुल्यांच्या मध्ये ठेवली. बरोबर बसली. काच गार होती. मी बोटं लगेच काढली नाहीत, आणि मॅडमनीही घाई केली नाही.